पाच पेनल्टी, दोन सुया

डायलिसिसची सुई केवढी असते, हे मी जेवणाच्या टेबलावर कुणाला सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी श्रीखंडाची वाटी हळूच बाजूला सारली. पण दिवाळी अंकाचे वाचक धीराचे असतात असं धरून चालते आणि सांगते. रक्त तपासायला काढतात ना, त्या सुईच्या दुपटीहून जाड. आणि अशा दोन. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे स्वच्छ होतं आणि दुसरीतून परत अंगात येतं. दर खेपेला चार-पाच तास, आठवड्यातून तीनदा. मूत्रपिंडं थकली की हे काम मशीनने करायचं, नवी किडनी मिळेपर्यंत, आणि नाही मिळाली तर जन्मभर.

आता खरी गंमत पुढे आहे. न्यूझीलंडमध्ये या सुया पुष्कळ पेशंट स्वतःच्या हाताने स्वतःला टोचून घेतात. गावं लांब लांब, माणसं तुरळक, प्रत्येक गावात डायलिसिस कुठून असणार? म्हणून घरी मशीन बसवून देतात. पेशंट आपल्या खुर्चीत, आपल्या सवडीने, आपलं आपण सगळं करतो. अर्थात आधी ते त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. हॅमिल्टनला ते शिकवणाऱ्यांपैकी एक मी होते.

२०११ साली संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दूध पावडरच्या कारखान्यांची यंत्रं उभारणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इथे आलो. २०१९ मध्ये माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मागोमाग मी दिला. मधली आठ वर्षं मी लोकांना सुया टोचायला शिकवत होते. त्याआधी पुण्यात पंधरा वर्षं मी स्वतः टोचत होते. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो शिकायला मला फार वेळ लागला. हा लेख त्याबद्दलच आहे.

पुण्यात पेशंट हात पुढे करायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा. "सिस्टर, तुम्हीच घाला हं, तुमचा हात हलका आहे." हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकलं आणि त्यावर पोसले गेले. दुसऱ्या पाळीची नर्स आलेली असली तरी काहीजण माझ्यासाठी थांबून राहायचे. मी घरी येऊन हे सांगायची तेव्हा संजय म्हणायचा, "झालं, आज भाजीत मीठ नसलं तरी चालेल बाईंना."

हॅमिल्टनच्या युनिटची प्रमुख आरोहा नावाची माओरी बाई होती. उंच, खणखणीत आवाजाची, कामाला वाघ. पहिल्या दिवशी तिने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि एका स्टुलावर बसवलं. "वैशाली, इथे तुझं काम कसं करायचं, दाखवते," असं म्हणून ती समोरच्या स्टुलावर बसली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाखवले. "असं. हात बाहेर काढलेस की पेशंट शिकायचा थांबला."

मला वाटलं, गंमत करतेय.

सुरुवातीचे विद्यार्थी मला सोपे मिळाले, त्यामुळे माझा गैरसमज झाला की मला हे येतं. ग्रॅहम नावाचा एक गवळी होता, तीन-चारशे गाईंचा मालक. त्याने पहिल्याच दिवशी सुई हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "गाईला याहून जाड देतो मी. ती तर लाथ मारते." दोन मिनिटांत दोन्ही सुया आत. हुहाना आजी मशीनसमोर उभी राहून आधी प्रार्थना म्हणायची, मग मशीनच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला दमात घ्यायची, "आज आवाज करायचा नाही हं." तिचं मशीन खरंच कमी आवाज करायचं. कसं, ते कंपनीच्या तंत्रज्ञालाही सांगता आलं नसतं.

आणि मग २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सेलिमभाऊ आले.

सेलिमभाऊ इस्तंबूलचे. पंचावन्नच्या आसपासचे, भरघोस मिशा, पोट सुटलेलं. हॅमिल्टनपासून तासाभराच्या अंतरावरच्या 'ते कुइती' नावाच्या गावात त्यांचं कबाबचं दुकान होतं. मेंढ्यांची लोकर कातरणारे लोक दुपारी तिथे तुटून पडायचे. दुकानात ते आणि त्यांची बायको आयला, दोघंच. आठवड्यातून तीनदा ते हॅमिल्टनला डायलिसिसला यायचे आणि नंतर एवढे गळून जायचे की गाडी आयलालाच चालवावी लागायची. म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार दुकानाला कुलूप. असं दुकान किती दिवस चालणार? घरी डायलिसिस करायला शिकले तर पहाटे लवकर बसून जेवणाच्या वेळेला आयलाच्या मदतीला उभं राहता येणार होतं. नाही शिकले तर दुकान बंद करून हॅमिल्टनला एखाद्या लहानशा घरात येऊन राहायचं, एवढा सरळ हिशोब होता. शिकायला मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यानंतर युनिटमधली शिकायची ती खुर्ची दुसऱ्या पेशंटला द्यायची होती.

मशीन जोडणं ते आठवड्याभरात शिकले. नळ्या, पाणी, दाब, वजन, सगळं. पंचवीस वर्षं दुकान चालवलेला माणूस, त्याला काय अवघड? पण सुई हातात घेतली की चेहरा पांढरा पडायचा. पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हेमशिरे हानम, आजच्या दिवस तुम्ही. उद्या मी." तुर्की भाषेत हेमशिरे हानम म्हणजे नर्सबाई. किती दिवसांनी मला कुणी बाई म्हटलं होतं! इथे तर ऐंशी वर्षांचे आजोबाही वैशालीचं नुसतं 'वाय' करून हाक मारायचे.

मी म्हटलं, बरं, आजच्या दिवस.

सुई जाताना दुखू नये म्हणून त्यांना बोलतं ठेवायचं ही माझी जुनी युक्ती. विचारलं, "तुम्हाला कशाची आवड?" तर म्हणाले, "फुटबॉल. पण कुठलाही नाही. आमचे क्लब युरोपात जाऊन खेळतात तो." आणि सुई टोचायच्या आधी त्यांनी गोष्ट सुरू केली. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गोष्ट अशी रंगली की कधी पहिली सुई गेली ते त्यांना कळलं नाही आणि मलाही फारसं नाही.

तेव्हापासून आमचा शिरस्ताच पडला. एका सुईला एक मॅच. पहिल्या सुईला स्वित्झर्लंडच्या क्लबकडून तीन-शून्य हरून आलेल्या पिवळ्या-लाल क्लबने घरी पाच गोल कसे चढवले, ते. दुसऱ्या सुईला पिवळ्या-निळ्यांनी इंग्लंडमधल्या एका बलाढ्य क्लबला त्याच्याच मैदानात कसं हरवलं, ते. तो इंग्लिश क्लब चाळीस वर्षं युरोपच्या स्पर्धेत घरी हरला नव्हता. इझमिर शहरातला लहानसा क्लब उपांत्य फेरीपर्यंत कसा धडकला, तेही कळलं. काळ्या समुद्राकाठच्या क्लबने मिलानला जाऊन तिथल्यांना गप्प केलं, ती मॅच २०११ ची, म्हणजे मी नुकतीच या देशात येऊन सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर शोधत होते तेव्हाची. मी क्लबांची नावं विसरायची, रंग लक्षात ठेवायची. सेलिमभाऊ स्वतः काळ्या-पांढऱ्यांचे. त्यांचे वडील, काका, इस्तंबूलच्या बंदरावरचे सगळे हमाल काळ्या-पांढऱ्यांचे.

तुर्कस्तानात युरोपचा कप आजवर एकदाच आला, २००० साली, तोही पेनल्टींवर. पण तो आणला पिवळ्या-लालांनी. ही गोष्ट त्यांनी मला फार उशिरा आणि फार भरभर सांगितली, लग्नात नावडत्या पाहुण्याला वाढावं तशी.

"तुमचे काळे-पांढरे कधी?" मी विचारलं.

"आमचे? आमचे मनाने मोठे," ते म्हणाले आणि दुसरी सुई संपली.

त्या वर्षी काळे-पांढरे स्वतः युरोपच्या एका स्पर्धेत खेळत होते, आणि युरोपातल्या संध्याकाळच्या मॅच आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात. गुरुवारची मॅच म्हणजे आमची शुक्रवारची सकाळ, नेमकी डायलिसिसची वेळ. आयला टॅबलेट घेऊन यायची, तो खाटेच्या टेबलावर उभा करायची. चित्र अडकत अडकत यायचं. मी मशीनच्या तक्त्याशेजारी स्पर्धेचं वेळापत्रक चिकटवलं होतं. आरोहाने ते पाहिलं, भुवया उंचावल्या, पण म्हणाली, "पेशंट वेळेवर येतोय ना? मग स्वीट अ‍ॅज." म्हणजे इथल्या बोलीत, झकास.

म्हणजे आमचं सगळं छान चाललं होतं. फक्त एक बारीकशी गोष्ट राहून जात होती. सुया मीच टोचत होते.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण माझी चूक त्यातच आहे. दर खेपेला अगदी त्याच जागी, त्याच तिरप्या कोनातून सुई घातली की काही आठवड्यांनी कातडीखाली एक वाट तयार होते. कान टोचल्यावर भोक पडतं ना, तशी. एकदा ती वाट पडली की टोकदार सुईची गरज उरत नाही, बोथट सुई अलगद आत सरकते आणि जवळपास दुखत नाही. घरी डायलिसिस करणाऱ्याला हे वरदानच. मात्र यात एक नियम आहे. वाट जो वापरणार त्यानेच ती पाडायची. कारण प्रत्येकाचा हात वेगळा, कोन वेगळा.

मी विचार केला, बिचारे घाबरतात. आपण आपल्या हलक्या हाताने वाट पाडून देऊ, मग ते बोथट सुईने सहज करतील. दुखण्याचा भाग माझ्याकडे, सोपा भाग त्यांच्याकडे. मला हे इतकं मायेचं वाटलं की मी ते आरोहाला सांगितलंही नाही. तक्त्यात "पेशंट नर्सच्या मदतीने" असं लिहीत गेले. नंतर ते शब्द वाचताना मला कानकोंडं झालं.

जानेवारीच्या अखेरीस वाट तयार झाली. आरोहाला बोलावलं, म्हटलं, बघ आता. सेलिमभाऊंनी मोठा श्वास घेतला, बोथट सुई हातात घेतली आणि खरोखर लावली. गेली नाही. पुन्हा लावली. नाही. घाम फुटला, रक्त आलं. चौथ्या वेळेला त्यांनी सुई ट्रेमध्ये टाकली. "माझ्यात दमच नाही," असं म्हणून डोळे मिटून घेतले. आयला खिडकीतून बाहेर बघायला लागली.

आरोहाने मला शांतपणे सांगितलं, "तू घालून दाखव." मी समोर बसले, सुई धरली, आणि ती लोण्यात गेल्यासारखी गेली.

"कळलं?" आरोहा म्हणाली. "तू त्याच्या समोर बसतेस. तुझा हात तिकडून येतो, त्याचा इकडून. ही वाट तुझी आहे, वैशाली. जगात फक्त तुलाच वापरता येईल अशी."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अडीच महिने मी ज्याला मदत समजत होते, त्याने त्या माणसाला माझ्यावाचून अडून राहायला लावलं होतं. खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. कुणीतरी परत माझ्या हलक्या हाताची वाट बघत होतं. मीच सेलिमभाऊंना सांगितलं, "तुमची काही चूक नाही. चूक माझी आहे." आणि कोनाचं सगळं कागदावर काढून दाखवलं.

त्यांनी तो कागद आधी माझ्या बाजूने, मग स्वतःच्या बाजूने फिरवून पाहिला. वाटलं, आता रागावणार, आणि रागावायला हवं होतं. तर मिशीतल्या मिशीत हसले.

"म्हणजे माझ्याच हातावर मी परक्या मैदानात खेळत होतो?"

मग मी रडले. आयलानेच मला कागदी रुमाल काढून दिला.

चार आठवडे उरले होते. नवीन जागा, टोकदार सुई, सगळं पहिल्यापासून. आरोहाने बजावलं, "त्याच्या हातावर तुझा हात असेल, तर ते तूच टोचणं झालं. तक्त्यात तसंच लिहायचं." मी स्टुलावर हात मांड्यांखाली घेऊन बसायची. ते हात धुवायचे, पट्टा बांधायचे, शीर चाचपायचे, सुई कातडीपासून बोटभर अंतरावर आणायचे आणि तिथेच थांबायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मशीन तयार होऊन वाट बघतंय, बाहेर पुढचा पेशंट वाट बघतोय. शेवटी ते माझ्याकडे बघायचे आणि माझा हात आपोआप बाहेर यायचा. घरी येऊन मी स्वतःवर चिडायची. आमची मुक्ता, तेव्हा बारावीच्या वयाची, मराठी सगळं समजून इंग्रजीत उत्तर देणारी, म्हणाली, "आई, जस्ट लेट हिम बी स्केअर्ड." वयात आलेल्या मुली आईला काय काय ऐकवतात, आणि तेही बरोबर असतं.

दरम्यान आणखी एक झालं होतं. काळे-पांढरे स्पर्धेच्या पुढच्या फेरीत गेले होते आणि चिठ्ठीत त्यांच्यासमोर लाल कपड्यांचा एक मोठा इंग्लिश क्लब आला होता. मी उत्साहाने विचारलं, "मग, याची गोष्ट नाही का एखादी?" सेलिमभाऊंनी विषयच बदलला. रात्री जेवताना संजयला सांगितलं तर त्याला ठसका लागला. शनिवार-रविवार इंग्लिश फुटबॉल बघणारा माणूस तो.

"अगं, त्याच इंग्लिश क्लबने ह्यांना २००७ मध्ये आठ-शून्य धुतलंय! आठ! तू डायरेक्ट त्यांच्या जखमेवर बोट ठेवलंस."

पुढच्या खेपेला मी सुईजवळ बसून मॅचचा विषय काढला नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "कळलं ना तुम्हाला? मला वाटलंच." आणि मग पहिल्यांदा एका हरलेल्या मॅचची गोष्ट सांगितली. त्या दिवशी दुकानातला टीव्ही बंद करायची हिंमत झाली नाही, कारण बंद केला तर घाबरलो असं होईल. म्हणून आठही गोल उभ्याने बघितले. "गिऱ्हाईक म्हणालं, मित्रा, कबाब जळतोय. मी म्हटलं, जळू दे."

पहिली मॅच इंग्लंडमध्ये झाली आणि आम्ही एक-शून्य हरलो. 'आम्ही' लिहिलं खरं, पण आता खोडत नाही. परतीची मॅच इस्तंबूलला, आमच्या शुक्रवारी सकाळी. फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार. म्हणजे सेलिमभाऊंचाही शेवटचा दिवस. त्या दिवशी दोन्ही सुया स्वतःच्या हाताने गेल्या, तर महिनाभराची मुदत वाढणार आणि घरी मशीन जाणार. नाही, तर सोमवारपासून खुर्ची दुसऱ्याची.

त्या दिवसांत न्यूझीलंडभर क्रिकेटच्या वर्ल्ड कपचं वारं होतं. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाशी सामना होता, सगळं हॉस्पिटल त्यातच बुडालेलं. फुटबॉल बघणारे आम्ही तिघंच. आरोहा दहा वाजेपर्यंत मीटिंगमध्ये होती. जाताना म्हणाली, "मी येईन तेव्हा सुया आत असू देत. आणि हात," असं म्हणून तिने माझ्या मांड्यांकडे बोट दाखवलं.

सात वाजता मॅच सुरू झाली. सेलिमभाऊ म्हणाले, पहिला अर्धा संपला की टोचतो. संपला. म्हणाले, दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला की टोचतो. मी ताबडतोब दटावायला हवं होतं. पण गोल झाला! काळ्या-पांढऱ्यांनी एक मारला, दोन्ही मॅच मिळून बरोबरी झाली, आयलाने मला मिठी मारली आणि सुयांचं कुणालाच भान उरलं नाही. मग जादा वेळ. त्यातही गोल नाही. घड्याळात साडेनऊ होत आले होते. मी एकदा टॅबलेटकडे, एकदा दाराकडे बघत होते, आणि जास्त भीती मॅचची होती की आरोहाची, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि पेनल्टी लागल्या.

"मी पेनल्टी बघत नाही," सेलिमभाऊ एकदम म्हणाले. "कधीच नाही. माझं काळीज नाही तेवढं. हेमशिरे हानम, तुम्ही बघा आणि मला सांगा." त्यांनी टॅबलेट उचलून माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. मी उजेडाची तिरीप पडू नये म्हणून खिडकीकडे पाठ, त्यांच्याकडेही पाठ, अशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आयला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

ज्या बाईला वर्षापूर्वी फुटबॉलमध्ये किती माणसं असतात ते माहीत नव्हतं, ती बाई त्या सकाळी समालोचन करत होती. "आपला येतोय... उंच आहे... थांबला... मारला! गोल! आता त्यांचा. गोल झाला, हं, झाला त्यांचाही." मधेच चित्र अडकायचं, तेव्हा मी देवाचं नाव घ्यायची. मागून नळाचा आवाज आला, मग काहीतरी फाडल्याचा. मला वाटलं, घाबरून हात धुतायत. एकदा मी मागे वळणार होते, तर आयलाने माझं कोपर घट्ट धरलं. "बघत राहा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सांगत राहा." तिच्या बोटांचे वळ राहिले होते संध्याकाळपर्यंत.

दुसरी झाली, तिसरी झाली. दोन्हीकडचे सगळे गोल. "सेलिमभाऊ, चौथाही आत गेला! आपला! आता त्यांचा... हाही गोल. चार-चार." मी टॅबलेट आणखी जवळ धरला. "आपला पाचवा. ऐकताय ना? गोल! पाच-चार! आता हा त्यांचा शेवटचा. धावतोय... वरून गेला! वरून गेला हो! जिंकलो!"

मी जे ओरडले, ते म्हणे रिसेप्शनपर्यंत ऐकू गेलं. टॅबलेट उंच धरून मी गर्रकन वळले.

सेलिमभाऊ खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या हातात दोन सुया. दोन्ही आत. दोन्ही पांढऱ्या चिकटपट्टीने, मी शिकवलं तशा, व्यवस्थित बांधलेल्या. नळीत लाल रक्त वर-खाली होत होतं, म्हणजे अगदी बरोबर जागी. चेहरा घामाने निथळत होता आणि मिशा थरथरत होत्या.

"तिकडे बघवत नव्हतं," ते म्हणाले. "मग इकडे बघितलं."

आयलाने तोंडावर हात घेतला आणि खाली बसली. मी काय बोलले, आठवत नाही. बहुतेक मराठीत बोलले. पेशंट पहिल्यांदा सुई टोचत असताना नर्सने भिंतीकडे तोंड करून उभं राहणं कुठल्याही नियमात बसत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. नवीन मुलींनी यापासून काही शिकू नये.

बरोबर दहाला आरोहा आली. सुया पाहिल्या, कोन पाहिला, मग माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "कोणी घातल्या?"

"त्यांना वेळ नव्हता," सेलिमभाऊ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

आरोहा इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिने तक्ता पुढे ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, "पेशंटने स्वतः." मुदत वाढली. पुढच्या सगळ्या खेपांना त्यांनी स्वतः टोचलं, मी स्टुलावर, हात मांड्यांखाली. गोष्टी मात्र चालू होत्या. फक्त आता सुई टोचता टोचता त्यांना बोलायला जमायचं नाही, म्हणून मॅच मी सांगायची आणि ते मान हलवून चुका सुधारायचे.

तीन आठवड्यांनी त्यांच्या 'ते कुइती'च्या घरी मशीन बसलं. पहिली घरची पाळी शुक्रवारी. त्या दिवशी मदतीचा फोन माझ्याकडे होता. काही अडलं तर पेशंट त्याच नंबरवर फोन करतो. मी सकाळी सहापासून तो फोन टेबलावर, समोर ठेवून बसले होते. सात वाजले. आठ. फोन गप्प. मी दोनदा उचलून तो चालू आहे ना ते पाहिलं. नऊ, दहा. दुसरी कामं करायला गेले तर एप्रनच्या खिशात घेऊन. इतकी वर्षं फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि त्या दिवशी वाजत नव्हता म्हणून धस्स होत होतं.

बारा वाजता वाजला. सेलिमभाऊ. आवाज खोल गेलेला.

"हेमशिरे हानम, हरलो."

"काय झालं? सुई निघाली का? रक्त किती गेलं? आयला कुठे आहे? आधी मशीन बंद..."

"नाही, नाही! आम्ही हरलो. बेल्जियमवाल्यांनी घरी येऊन तीन मारले. गेलो स्पर्धेबाहेर."

"आणि डायलिसिस?"

"ते ना? ते केव्हाच झालं. मी दुकानात उभा आहे. समोर चार गिऱ्हाइकं आहेत."

मला हसावं की त्यांना रागवावं कळेना. मी विचारलं, मग फोन कशाला केला, काही अडलंय का.

मागे सुरीवर सुरी घासल्याचा आवाज येत होता, कुणीतरी कांदा जास्त घालायला सांगत होतं. सुरी थांबली.

"माझं काही अडलेलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सकाळपासून फोनसमोर बसून असाल ना. म्हटलं, तुम्हाला आता उठायला सांगावं."